माहितीची कोठारे आणि शेजारची वस्ती

कुंभकोणमहून स्वामिमलईच्या दिशेने निघाले, की सुमारे सहा किलोमीटरांवर तिरुवलंचुळी हे गाव लागते. तमिळ भाषेत ‘वलम्’ म्हणजे उजवीकडे आणि ‘चुळी’ म्हणजे भोवरा अथवा वळसा. कावेरी जेथे उजवीकडे वळली ते हे स्थान, असा या नावाचा अर्थ लावतात. येथील कपर्दीश्वराच्या देवालयातील दगडी जाळीची खिडकी शिल्पकारांत पूर्वापार नावाजलेली आहे. त्याच आवारात श्वेतविनायकाची मूर्ती आहे. ती समुद्रमंथनाच्या फेसापासून घडली अशी श्रद्धा असल्यामुळे तिच्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही. कापराची पूड तेवढी वाहतात.

या क्षेत्राची जी कथा सांगतात ती मोठी विचार करावयास लावणारी आहे. कावेरी वाहत वाहत येथवर आली आणि एका विवरात शिरून नाहीशी झाली. खालचा सारा मुलूख कोरडा पडला. तेव्हा हेरंड नावाच्या ऋषींनी त्या विवरात आपला देह समर्पण केला, मग कोठे नदी पुन्हा वर आली आणि शेतांकडे वाहू लागली. कथा कथेच्या जागी असो. परंतु नदीकाठच्या लोकांची सर्वांत जुनी चिंता तिच्यात साठवलेली आहे. वाटेतच पाणी कोठे गडप झाले, तर त्याचे मोल कोणी द्यावयाचे?

वाचकहो, हाच प्रश्न आज एका अगदी नव्या उद्योगाच्या निमित्ताने आपल्यापुढे उभा आहे. त्या उद्योगाला सामान्य बोलीत ‘डेटा सेंटर’ म्हणतात. त्याचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्याची इमारत मात्र फारच थोड्यांनी पाहिलेली असते. म्हणून तो उद्योग काय आहे, त्याच्या शेजारी राहणाऱ्यांना काय सोसावे लागते आणि त्याविषयी नागरिकांनी काय विचारावयास हवे, याचा विचार येथे करू.

कोठार कशाचे?

तंजावरच्या सरस्वती महालाचे नाव मराठी घरांतून अपरिचित नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढविलेल्या या ग्रंथालयात ताडपत्रे आहेत, कागदी पोथ्या आहेत, मोडी लिपीतील दफ्तरे आहेत. ज्ञान साठवून ठेवावयाचे आणि मागेल त्याला काढून द्यावयाचे, हेच त्याचे काम. डेटा सेंटरचे कामही मुळात तेच आहे. आपण मुलीच्या शाळेची फी मोबाइलवरून भरतो, रेल्वेचे तिकीट काढतो, नातवाचा फोटो गावाकडे पाठवतो, दवाखान्यातील तपासणीचा अहवाल पाहतो. हे सर्व कोठे तरी असलेल्या संगणकांवर साठते आणि तेथूनच आपल्याकडे येते. अशा हजारो संगणकांच्या मांडण्या ज्या प्रचंड इमारतीत ओळीने उभ्या असतात, ती इमारत म्हणजे डेटा सेंटर.

फरक आहे तो एवढाच, की पोथी एकदा कपाटात ठेवली म्हणजे तिला वाळवीपासून जपले तरी पुरते. संगणक मात्र रात्रंदिवस जागा असतो. त्याला क्षणभरही वीज खंडित होऊन चालत नाही. जी वीज तो घेतो तिची अखेर उष्णता होते आणि ती उष्णता बाहेर काढली नाही तर यंत्रे बिघडतात. वीज आत आणणे आणि उष्णता बाहेर घालविणे, या दोन कामांतूनच शेजाऱ्यांचे बहुतेक सारे प्रश्न उद्भवतात.

या केंद्रांची आपल्या देशात झपाट्याने वाढ होत आहे, त्यामागे कारणेही तशीच आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांचे व्यवहार संगणकावर आले. पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठविली पाहिजे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये दिला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या डेटा सेंटरांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. तमिळनाडूने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. समुद्राच्या तळातून येणाऱ्या तारा मुंबईच्या व चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून या दोन शहरांभोवती ही कोठारे विशेष एकवटली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे, तसेच पवई, चांदिवली व पनवेल येथे आणि चेन्नईकडे अंबत्तूर व सिरुसेरी येथे अशा इमारती उभ्या आहेत. यांतील कित्येक ठिकाणी लोकवस्ती हाकेच्या अंतरावर आहे.

पाण्याचा हिशेब

उष्णता घालविण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणे. उन्हाळ्यात माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने मोठे शीतमनोरे चालतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिटाला थोडी कमी इतकी उष्णता निघून जाते. आता हिशेब करून पाहा. एक मेगावॅट भाराची यंत्रे चोवीस तास चालली तर २४ हजार युनिट वीज लागते. ती सर्व उष्णता केवळ पाण्याच्या वाफेने घालवावयाची म्हटली, तर दररोज सुमारे ३५ हजार लिटर पाणी हवेत उडून जाईल. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातील माणसामागे दररोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. म्हणजे एका मेगावॅटपाठी सहाशेहून अधिक माणसांचे पाणी झाले. तीस मेगावॅटचे केंद्र असेल तर हा आकडा एकोणीस हजारांवर जातो. एवढे एखाद्या लहान शहराचे पाणी होते!

यावर कोणी म्हणेल, की पाण्यावाचूनही यंत्रे गार ठेवता येतात. ते खरे आहे. हवेवर चालणारी शीतयंत्रे बसविली तर पाण्याची बचत होते. परंतु विजेचा खर्च वाढतो, आणि ती वीज कोळशावर तयार होत असेल तर वीजकेंद्राला पुन्हा पाणी लागतेच. तेव्हा पाणी वाचविले की प्रश्न सुटला, असे नाही. त्याचा काही भाग दुसऱ्या गावाच्या माथी गेला, एवढेच.

कावेरीच्या खोऱ्यातील कुटुंबांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. मेट्टूर धरणाचे दार प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडते की नाही, याकडे तंजावर जिल्ह्यातील शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात. त्यावर कुरुवै भाताचे पीक अवलंबून असते. शिवाय हेच पाणी आता चेन्नईलाही जाते. कावेरीचा उत्तरेकडील मोठा फाटा म्हणजे कोळ्ळिडम. त्यावरील खालच्या बंधाऱ्यातून पाणी कडलूर जिल्ह्यातील वीराणम तलावात येते आणि तेथून २००४ पासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळाने ते राजधानीला पोहोचते. तहानलेल्या नगराला पाणी द्यावे, याबद्दल दुमत नाही. परंतु नगरात जी नवी तहान निर्माण होते, ती अखेर कोणत्या शेताच्या पाटापर्यंत पोहोचते, हे यावरून ध्यानात येईल. २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईचे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते आणि जुलैमध्ये जोलारपेट्टईहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ती आठवण फार जुनी झालेली नाही.

महाराष्ट्रातही चित्र वेगळे नाही. ठाणे जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींना आणि अनेक शहरांना मुरबाड-बदलापूर भागातील बारवी धरणाचे पाणी मिळते. त्या धरणाची उंची वाढविण्यासाठी आदिवासी पाड्यांना आपली घरे सोडावी लागली. नळ उघडला की पाणी येते. ते कोणाच्या उंबऱ्यावरून आले, हे नळ सांगत नाही.

धूर कोणाच्या अंगणात?

वीज हा दुसरा प्रश्न. महिन्याला दोनशे युनिट वापरणारे घर धरले, तर तीस मेगावॅटचे एक केंद्र एक लाखाहून अधिक घरांइतकी वीज घेते. जगाचा विचार केला, तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल. दीड टक्का हा आकडा लहान वाटेल. परंतु ही केंद्रे जगभर सारखी पसरलेली नसतात. ती मोजक्या ठिकाणी दाटी करतात. आयर्लंडमध्ये २०१५ साली ती देशातील पाच टक्के वीज घेत होती. २०२४ साली ते प्रमाण बावीस टक्क्यांवर गेले.

मुंबईची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. चेंबूरजवळ माहुलच्या परिसरात तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत, रसायनांच्या टाक्या आहेत आणि ट्रॉम्बेचे औष्णिक वीजकेंद्रही आहे. तेथील रहिवासी अनेक वर्षे हवेच्या प्रदूषणाविरुद्ध न्यायाधिकरणापर्यंत झगडत आले. ट्रॉम्बेचा कोळशावरील संच बंद व्हावयाचा होता. परंतु शहराची विजेची मागणी वाढत असल्याचे कारण देऊन तो पुढेही चालू ठेवण्याचे २०२३ च्या अखेरीस ठरले. मुंबईतील डेटा सेंटरांची वाढती भूक हे त्या मागणीचे एक अंग आहे, असे २०२५ मधील वृत्तलेखांनी दाखवून दिले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सबंध मुंबईची वीज गेली होती, हे ज्यांना आठवते त्यांना शहराजवळ वीजकेंद्र हवे असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही प्रश्न उरतोच: संगणक गार राहावेत म्हणून माहुलच्या मुलाने खोकत राहावे काय?

विजेचा एक पदर इमारतीच्या आवारातही असतो. वीज गेली तर काम थांबू नये म्हणून तेथे डिझेलवर चालणारी मोठमोठी जनित्रे ठेवतात. ती नेहमी चालत नाहीत. परंतु चालू स्थितीत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी वरचेवर चालवून पाहावी लागतात. त्या वेळी निघणारा धूर आणि आवारात साठविलेले डिझेल, या दोहोंचा विचार शेजारच्या वस्तीने आधीच केलेला बरा.

न थांबणारा आवाज

आवाजाचा त्रास हा असा आहे, की तो आकड्यांत पुरता पकडता येत नाही. शीतयंत्रांचे पंखे अहोरात्र फिरतात आणि त्यांचा एक खर्जातील घुमारा सारखा चालू राहतो. लग्नातला बँड कर्कश असला तरी रात्री थांबतो. हा आवाज मंद असला तरी थांबत नाही. खालच्या पट्टीतील नाद भिंती-खिडक्यांतून सहज आत शिरतो. नेहमीच्या मापनपद्धतीत अशा नादाला कमी वजन दिलेले असते. म्हणून मापक ‘ठीक आहे’ म्हणतो आणि घरातील माणसाला झोप येत नाही, असे घडते.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. औद्योगिक भागासाठी ती अनुक्रमे ७५ व ७० आहे. अडचण येते ती सीमेवर. रस्त्याच्या एका बाजूला औद्योगिक भूखंड आणि दुसऱ्या बाजूला बिऱ्हाडे असली, तर आवाज काही रस्ता ओलांडताना परवानगी विचारत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जगातील सर्वांत दाट अशी डेटा सेंटरांची वस्ती आहे. तेथील प्रिन्स विल्यम परगण्यात लोकांनी या घुमाऱ्याविरुद्ध दीर्घकाळ तक्रारी केल्या. त्याच परगण्यात एका विशाल प्रकल्पाला दिलेली मंजुरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने रद्द ठरविली. कारण काय, तर नागरिकांना जाहीर सूचना नियमाप्रमाणे दिली गेली नव्हती. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात गेले. परंतु ‘आम्हांला वेळेवर सांगा’ ही साधी मागणी किती मोलाची असते, हे त्यावरून दिसून येते.

लाभाची बाजू

येथवर वाचून कोणी असे समजू नये, की डेटा सेंटर म्हणजे केवळ संकट. वादळाची पूर्वसूचना, दूरच्या खेड्यातील रुग्णाला मिळणारा तज्ज्ञाचा सल्ला, विद्यार्थ्याला घरबसल्या मिळणारे पाठ, हे सर्व या कोठारांवाचून चालणार नाही. देशाची माहिती देशातच राहावी, ही आकांक्षाही योग्य आहे. इमारत उभी राहते तेव्हा गवंडी, सुतार, वीजकामगार यांना काम मिळते.

परंतु बांधकाम संपल्यावर कापडगिरणीप्रमाणे हजारो हात तेथे लागत नाहीत. यंत्रे पुष्कळ आणि माणसे थोडी, असे हे क्षेत्र आहे. म्हणून जमीन, पाणी आणि वीज देताना गावाने किती रोजगार मिळेल याची कल्पना नीट करून घ्यावी. शेतजमीन एकदा गेली, की तिच्यावर राबणाऱ्या शेतमजुराला संगणकाच्या दालनात जागा मिळेलच असे नाही.

कायदा काय म्हणतो?

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत डेटा सेंटर असा स्वतंत्र उद्योग नोंदलेला नाही. बांधकाम २० हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक असेल, तर ते इमारत म्हणून तपासले जाते. आणि इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीची अट नाही. म्हणजे जेथे शेकडो माणसे राहावयाची आहेत अशी गृहसंकुले आणि जेथे हजारो यंत्रे तापावयाची आहेत अशी कोठारे, या दोहोंना एकच माप लागते.

कावेरीच्या खोऱ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून तंजावर, तिरुवारूर व नागपट्टिणम हे जिल्हे आणि लगतच्या काही भागांना संरक्षित कृषिक्षेत्र ठरविले. त्या कायद्याच्या परिशिष्टात जस्त, तांबे, ॲल्युमिनियम यांच्या भट्ट्या, पोलाद कारखाने, कातडी कमावण्याचे कारखाने, तेल व वायूचे शोधकार्य असे उद्योग वर्ज्य म्हणून दिले आहेत. तिरुवलंचुळीची भातशेती याच संरक्षणाखाली येते. परंतु त्या यादीत डेटा सेंटरचे नाव नाही. यादी करणाऱ्यांचा हा दोष म्हणता येणार नाही; धूर ओकणारी धुराडी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. काचेच्या भिंतींची, शांत दिसणारी इमारतही नदीकडे पाणी मागू शकते, हे आता आपण जाणतो. जाणल्यावर यादी पुन्हा वाचून पाहणे, हे कर्तव्यच होय.

मार्ग आहेत

सुदैवाने या प्रश्नाला उपाय नाहीत असे नाही. पहिला उपाय म्हणजे पिण्याचे पाणी न वापरता शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे. चेन्नईत कोयंबेडू व कोडुंगैयूर येथे सांडपाणी पुन्हा शुद्ध करून उद्योगांना पुरविण्याचे मोठे प्रकल्प २०१९ पासून उभे आहेत. नवी मुंबईनेही औद्योगिक पट्ट्यासाठी असेच प्रकल्प हाती घेतले. ज्या नगरात असे पाणी उपलब्ध आहे, तेथे नदीच्या पाण्याला हात लावण्याचे कारण उरत नाही.

दुसरा उपाय उष्णतेचा सदुपयोग हा आहे. डेन्मार्कमधील ओडेन्सा आणि आयर्लंडमधील टाल्ला येथे डेटा सेंटरची उष्णता नळांवाटे नेऊन घरे व सार्वजनिक इमारती ऊबदार ठेवल्या जातात. आपल्या उष्ण देशात घरांना ऊब नको आहे. परंतु धान्य, फळे, मासळी वाळविण्यासाठी अशा उष्णतेचा उपयोग होईल काय, हे आपल्या अभियंत्यांनी तपासून पाहण्यासारखे आहे.

तिसरा उपाय नियोजनाचा. सिंगापूरने २०१९ मध्ये नव्या डेटा सेंटरांना विराम दिला आणि २०२२ मध्ये, जी केंद्रे वीज काटकसरीने वापरतील अशांनाच निवडून, पुन्हा दार उघडले. घरे आणि यंत्रे यांच्यात पुरेसे अंतर ठेवणे, पंख्यांची तोंडे वस्तीकडे न करणे, ध्वनिरोधक भिंती बांधणे, ही कामे आराखडा कागदावर असतानाच स्वस्तात होतात. इमारत उभी राहिल्यावर तीच महाग पडतात.

आपण काय विचारावे?

आपल्या गावाच्या वा पेठेच्या शेजारी असे केंद्र येणार, अशी वार्ता कानी आली तर घाबरून जाण्याचे कारण नाही आणि हुरळून जाण्याचेही नाही. ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे शांतपणे काही प्रश्न लेखी मांडावे. रोज किती पाणी लागणार आणि ते कोठून येणार? अवर्षणाच्या वर्षी आधी कोणाचे पाणी कमी करणार, घरांचे की यंत्रांचे? किती मेगावॅट वीज लागणार आणि ती कशापासून तयार होणार? जनित्रे किती, आणि ती कोणत्या वेळी चालवून पाहणार? रात्री घराच्या खिडकीशी आवाज किती असेल, आणि तो कोण मोजणार? कायमच्या नोकऱ्या किती, व त्यांसाठी गावातील मुलामुलींना शिक्षण कोण देणार?

सरकारी कार्यालयांत असलेली कागदपत्रे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येतात. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील द डॅलस या लहानशा गावी एका मोठ्या कंपनीचे केंद्र किती पाणी वापरते, हे व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवले होते. न्यायालयात वाद गेल्यावर २०२२ मध्ये आकडे उघड झाले, तेव्हा गावातील एकूण पाण्यापैकी पावभागाहून अधिक पाणी तेथे जात असल्याचे कळले. जी माहिती जगाची माहिती सांभाळणाऱ्यांविषयीच आहे, ती तरी लोकांपासून लपलेली नसावी.

घरातही थोडे करण्यासारखे आहे. सकाळी येणाऱ्या शुभेच्छांची तीच ती चित्रे शंभर ठिकाणी धाडणे, नको असलेल्या चित्रफिती वर्षानुवर्षे साठवून ठेवणे, या सवयी सोडल्या तर बरे. त्याने कोठारांची भूक फारशी कमी होणार नाही, हे मान्य. परंतु मुलांना एक गोष्ट त्यातून उमजेल: मोबाइलमध्ये दिसणारे जग ढगांत तरंगत नसते. ते कोठे तरी जमिनीवर उभे असते, कोणाच्या तरी शेजारी असते आणि कोणाच्या तरी नदीचे पाणी पिते. तो शेजारी आपल्याइतकाच नागरिक आहे, एवढे भान ज्या घरात राहील, त्या घरातील मुले उद्या अभियंते वा अधिकारी झाली, तर कोठार बांधण्यापूर्वी त्या शेजाऱ्याचे दार ठोठावतील.